कोयता निघण्याआधीचे आठ आठवडे

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, ट्रकवर संसार लादून सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्याकडे ऊसतोडीला निघते आणि गाळप संपल्यावरच परतते. नैराश्यावर उपचार घेऊ पाहणाऱ्या माणसासाठी हे वेळापत्रक डॉक्टरांच्या पत्त्याइतकंच महत्त्वाचं आहे. बोलण्यातून होणारे उपचार आठवड्यामागून आठवडा चालतात, गोळ्या महिनोन्‌महिने. उसाच्या फडात मात्र एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात.

पण वेळापत्रकाचा प्रश्न पुढचा. मुळात नैराश्याची तक्रार दवाखान्यात पोचते तीच वेगळ्या वेषात. डोकं जड पडतं, अंग ठणकतं, छातीत धडधडतं, पहाटे तीनलाच डोळा उघडतो, जेवण जात नाही. मग सलाईन लागते, शक्तीचं इंजेक्शन होतं, सोनोग्राफी होते, हाती काही लागत नाही. यात डॉक्टरांचा दोष थोडा आणि परिस्थितीचा जास्त. दोन मिनिटांत पेशंट उरकायचा असेल, तर मनाचं कोण विचारणार? निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्या दर १०० भारतीयांपैकी ८५ जण उपचाराविना राहतात. त्या ८५ जणांतले पुष्कळ जण दवाखान्याच्या पायऱ्या चढलेले असतात, हे विसरू नये.

विचारायला फार वेळ लागतो असंही नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक यादी २००१ पासून जगभर वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, उदास वाटलं, झोप बिघडली, थकवा आला, भूक कमी-जास्त झाली, स्वतःबद्दल वाईट वाटलं, लक्ष लागलं नाही, हालचाली मंदावल्या किंवा अस्वस्थपणा वाढला, असं किती दिवस झालं? प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की नीट तपासणी हवी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारायला नातेवाईकच काय, कधी कधी डॉक्टरही कचरतात. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आलं, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि घरातलं कीटकनाशक कुलपात किंवा घराबाहेर हलवायचं.

यादीनं निदान होत नाही, दिशा कळते. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी बघून घ्यावं; आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा थकवा तिथंच सापडतो. पूर्वी कधी झोपेशिवाय भरमसाट उत्साह, उधळपट्टी, बडबड असा काळ येऊन गेला असेल तर तेही सांगावं. तो आजार वेगळा असू शकतो आणि त्याच्या गोळ्याही वेगळ्या.

आता उपचार. समोर बसून नुसतं बोलल्यानं काय होणार, हा गावाकडचा रास्त प्रश्न. त्याचं चांगलं उत्तर गोव्यातून मिळालं. ‘संगत’ या संस्थेनं तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचा बऱ्यापैकी तीव्र त्रास असलेल्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण कसून तयार केलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर बैठका घेतलेल्यांत ६४ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आल्यावर, बोलून करायचे उपचार म्हणजे शहरी चोचले, हे म्हणणं अवघड झालं. (उरलेल्या ३६ टक्क्यांचं काय, हेही विचारायलाच हवं, त्यांना पुढचा उपचार लागतो.)

त्या बैठकांत चालतं काय? समजा, गेवराईकडची एक बाई समोर आहे. समुपदेशक म्हणते, “आक्का, कालचा दिवस सांगा. उठल्यापासून.” आक्का म्हणते, “काय सांगू, पडूनच हुते. काहीच करू वाटंना.” कागदावर काल, परवा, तेरवाचे रकाने आखले जातात. त्यात दिसतं की बुधवारी जाऊबाईबरोबर शेळ्यांना पाला आणायला गेल्यावर तासभर जरा बरं वाटलं होतं. मग पुढच्या आठवड्यासाठी ठरतं: सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी नऊला, जाऊबाईबरोबर, पाला. वाटलं तर नव्हे, वाटलं नाही तरी.

यामागचं शास्त्र १९७० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी मांडलं. मन उदास झालं की माणूस कामं, भेटी, बोलणं टाळतो. टाळल्यानं समाधान देणारं उरतंसुरतं तेही आटतं. त्यानं मन आणखी खचतं. उत्साह येण्याची वाट न बघता कृतीकडून हे चक्र उलटं फिरवायचं. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटानं पूर्ण वर्तन-विचार उपचाराची तुलना त्यातल्या केवळ या कृतीच्या भागाशी केली, आणि दोन्हींचा गुण सारखाच आला. माझ्या मते ग्रामीण भागासाठी याहून सोयीचं संशोधन शोधून सापडणार नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही हे जमतं.

बीडमध्ये यासाठी जायचं कुठं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी बीडच्या जिल्हा रुग्णालयात करावी. केज, परळी, धारूरकडच्यांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ. केसपेपर काढून मनोविकार विभाग विचारायचा, एवढंच. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांसाठी सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात बीड होतंच, त्यामुळे आशाताईला हा विषय नवा नाही. खासगीत समुपदेशकाची पाटी दिसली, तर शिक्षण कुठं झालं हे बिनदिक्कत विचारावं. गोळ्या लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. देवऋषीकडे जाऊन आलेल्याला रागावू नये. अंगारा लावूनही गोळी घेता येते.

गोळीबद्दल दोन गोष्टी पहिल्याच भेटीत समजून घ्याव्यात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधी मळमळ, डोकेदुखी जाणवू शकते, म्हणून अनेक जण नेमके आठव्या दिवशी सोडून देतात. आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवावी लागते. नैराश्यावरच्या या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर त्रास होतो.

इथं पुन्हा कोयता आडवा येतो. ऑगस्टमध्ये उपचार सुरू झाले, तर सहा ते आठ बैठका निघण्याआधी बसू शकतात. दसऱ्याच्या तोंडावर पहिली भेट झाली, तर दुसरी गुढीपाडव्यानंतरच. म्हणून निघताना गोळ्यांचा पुरेसा साठा, औषधाच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो आणि फोनवर बोलण्याची ठरलेली वेळ, हे डॉक्टरांकडून मागून घ्यावं. फोनवरच्या बैठका गोव्यातल्या चाचणीतही गरजेप्रमाणे झाल्या होत्या. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फडातल्या कोपीवरूनही तो लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, रात्रीही कुणीतरी उचलतं.

बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजल्यानंतर, कामावर जाण्याआधी आणि परतल्यावर त्यांची आरोग्य तपासणी व्हावी असं ठरलं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघितलं जातं त्याच टेबलावर हे नऊ प्रश्न विचारायला पाच मिनिटं पुरतील. अट एकच: दहा किंवा त्याहून जास्त गुण आलेल्या बाईला पाठवायला तालुक्याच्या गावी शिकवलेलं माणूस बसलेलं हवं, आणि तपासणीची तारीख ट्रक भरायच्या आदल्या दिवसाची नको, पोळ्याच्या आधीची हवी.