नंबर बरोबर, बूट मात्र चुकीचा

पेडण्याचा किंवा डिचोलीचा मुलगा फुटबॉलचे बूट घ्यायला म्हापशाला जातो, "सात नंबर दाखवा" म्हणतो, बसल्या बसल्या पाय घालून बघतो आणि पैसे मोजतो. नंबर जुळला की बूट बसला, हा पहिला गैरसमज.

नंबर सांगतो तो लांबीचा. ब्रिटिश मापात एका नंबराने जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा फरक पडतो. रुंदीचा त्यात उल्लेखही नाही, आणि साचा तर प्रत्येक कंपनीचा वेगळा. आपली खरी अडचण रुंदीचीच. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेल्जियमच्या संशोधकांना दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांची पावले बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळली. मोरजी-हरमलच्या वाळूत अनवाणी खेळून वाढलेल्या पोरांना हे वेगळे सांगायला नको. असा पाय अरुंद बुटात मावत नाही, म्हणून एक नंबर मोठा घेतला जातो. मग चवडा सुखावतो, पण टाच आत सरकते आणि फोड येतात.

"फुटबॉलचा बूट घट्टच हवा" हे अर्धेच खरे. चेंडूचा अंदाज यावा म्हणून टाच आणि पावलाचा मधला भाग आवळलेला हवा. बोटांना मात्र पुढे थोडी मोकळीक लागतेच. नाहीतर धावता धावता थांबताना बोटे पुढे आदळतात आणि अंगठ्याचे नख काळे पडते. काही पोरे ते नख कौतुकाने दाखवतात! "वापरून सैल होईल" हीसुद्धा भाबडी आशा. चामडे थोडे रुंदावते, सिंथेटिक फारच कमी. लांबी कशाचीच वाढत नाही.

जाणते खेळाडू संध्याकाळी बूट बघतात, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. खेळायचेच मोजे घालतात, दोन्ही पायांत बूट चढवून उभे राहतात आणि मोठ्या पायाचे माप धरतात. आतला सोल निघत असेल तर तो जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहावे. पाऊल कडेबाहेर गेले, तर बूट अरुंद आहे. मग दुकानातच चार पावले धावून झटकन वळावे. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

तळव्याला टोचणारा प्रत्येक बूट मापाने चुकलेला असतो असेही नाही. पावसाळी चिखलासाठीचे लांब स्टड उन्हाळ्यात जांभ्याच्या कडक मैदानावर रुततच नाहीत, उलट तळव्यात खुपतात. तिथे आखूड, जास्त स्टडचा बूट हवा.

सपाट तळव्यांना खास बूट लागतात, हा समज अमेरिकी सैन्याने तपासून पाहिला. तळव्याच्या आकारानुसार बूट वाटूनही नव्या भरतीच्या सैनिकांच्या दुखापती घटल्या नाहीत.

आणि धावण्याच्या बुटात टाच उचलली जात असेल, तर तो परत करण्याआधी घोट्याजवळचे शेवटचे भोक बघा. बहुतेकांची नाडी तिथवर कधी पोचतच नाही. ते भोक टाच आवळण्यासाठीच असते.