लॉक कधी, मोकळं कधी: मागच्या डिफरन्शियलची निवड

मागच्या भागात आपण क्लचपासून प्रोपेलर शाफ्टपर्यंत पोचलो. शाफ्टच्या टोकाला, मागच्या एक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्याला गॅरेजमध्ये हाउसिंग म्हणतात. आत क्राऊन, पिनियन आणि स्टार गिअर असतात. हा संच म्हणजे डिफरन्शियल. ज्याला मोकळ्या मैदानात गाडी आडवी सरकवायची, म्हणजे ड्रिफ्ट करायची हौस आहे आणि त्याच गाडीने रोज कामावरही जायचं आहे, त्याने इथे काय बसवावं?

याचं अर्धं उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात कुणीही ट्रॅक्टर चालवणारा देईल.

१९५० साली प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, तेव्हा ऊस बैलगाडीने यायचा. बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. ओढायचं काम बैलांचं. चाकं आसावर सुटी असतात, वळताना बाहेरचं चाक आपसूक जास्त फिरतं. ट्रॅक्टरमध्ये मात्र इंजिनच चाकं फिरवतं, आणि दोन्ही चाकं एका दांड्याला जखडली तर वळताना पंचाईत होते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर धरा. काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त चालतं. वळण ऐसपैस असो की आवळ, फरक तेवढाच राहतो. तो सामावून घेतात स्टार गिअर.

या सोयीची किंमत चिखलात मोजावी लागते. मोकळं डिफरन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच जोर देतं. त्यामुळे कमजोर चाकाला जेवढा पेलवेल तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. पाटपाण्याने चिबडलेल्या काळ्या वावरातून भरलेली डबल ट्रॉली काढायची आहे. एक चाक गाळात आहे, ते २०० न्यूटन-मीटरच्या वर काही पेलत नाही. दुसरं बांधाजवळच्या कोरड्या जमिनीवर १००० पेलू शकतं. तरी हाती येतात एकूण ४००. गाळातलं चाक गरगर फिरत स्वतःच खड्डा करत बसतं. आता जाणता ड्रायव्हर काय करतो ते बघा. तो आधी क्लच दाबून चाक थांबवतो, मग टाचेने डिफ लॉकचं पेडल दाबतो आणि हळूच क्लच सोडतो. दोन्ही चाकं एकजीव होतात, ४०० चे १२०० होतात, ट्रॉली हलते. वळायच्या आधी तो टाच उचलतो, कारण लॉक असताना ट्रॅक्टर वळत नाही, सरळ घुसतो आणि गिअरवर नको तेवढा ताण येतो. काही जण तर लॉक न दाबता फिरत्या चाकाचा एकट्याचा ब्रेक दाबतात. मग जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. नव्या गाड्यांत कंप्युटर हेच करतो.

ड्रिफ्टमध्ये अडचण तीच, कारण वेगळं. जोरात वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर जातं, आतलं हलकं होतं. मोकळ्या डिफरन्शियलमुळे ताकद आतल्या चाकाच्या फिरण्यात वाया जाते, बाहेरचं रस्ता धरून ठेवतं आणि सरकलेली शेपटी परत सरळ होते. दोन्ही टायर एकाच वेगाने घसरले, तरच घसरण हातात राहते.

म्हणून स्टार गिअर वेल्ड करून टाकायचा स्वस्त उपाय सांगितला जातो. तो डिफ लॉकचं पेडल जन्मभर दाबून ठेवण्यासारखा आहे. मग ते २.२ मीटर टायर घासून भरून निघतात, प्रत्येक वळणावर. पार्किंगमध्ये टायर चिरकतात, हाफ शाफ्ट पिळला जातो. पावसाळ्यात करंजी घाट उतरताना नाक बाहेर जाऊ लागतं, आणि वळणात ॲक्सिलरेटर जास्त दाबला गेला तर दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात. गाडीत मागे घरची माणसं बसणार असतील, तर वेल्डिंगचं नावही काढू नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो.

मधला मार्ग लिमिटेड स्लिपचा. क्लच प्लेटवाल्या प्रकारात ताकद वाढली की प्लेटा आवळतात आणि दोन्ही चाकं बऱ्यापैकी एकमेकांना जखडतात. टू-वे प्रकार ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तितकाच आवळतो. नुसत्या ड्रिफ्टच्या गाडीला तो उत्तम. वन-पॉइंट-फाइव्ह सोडल्यावर कमी आवळतो, त्यामुळे रोजच्या वळणांत सुसह्य वाटतो. प्लेटा झिजतात आणि त्यांना खास लिमिटेड स्लिपचंच तेल लागतं. दुसरा प्रकार हेलिकल गिअरचा, टॉर्सन त्यातलाच. त्यात प्लेटा नाहीत, आवाज नाही, पण चाक हवेत उचललं गेलं की तो मोकळ्यासारखाच वागतो, कारण कमजोर चाक पेलेल त्याच्या ठरावीक पटच, समजा तिप्पट, जोर तो दुसऱ्याला देतो, आणि शून्याची तिप्पट शून्यच. माझं मत असं: आठवड्याचे सहा दिवस रस्ता आणि एक दिवस मैदान असेल, तर कमी प्रीलोडचा, म्हणजे प्लेटांवर मुळातला दाब कमी असलेला, वन-पॉइंट-फाइव्ह घ्यावा, मैदान क्वचितच असेल तर हेलिकल.

थार किंवा बोलेरो निओच्या काही मॉडेलांत येणारं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल यात धरू नका. ते चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की लॉक होतं, आणि तेही कमी वेगातच. चिखलातून निघायला ते फार गुणी आहे, ड्रिफ्टच्या उपयोगाचं नाही. शिवाय उंच गाडी आडवी सरकताना टायरने अचानक पकड घेतली तर ती उलटते. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रकार मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, आणि अहिल्यानगरजवळचे व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेचे ट्रॅक वाहनांच्या चाचणीसाठी आहेत, हौसेसाठी नाहीत. जागामालकाची परवानगी घेतलेलं बंदिस्त मैदानच हवं.

जुनी गाडी घेताना आत काय आहे ते असं ओळखा. पुढच्या चाकांना ओट लावा, मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा, हँडब्रेक सोडा, गिअर घाला आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेला सहज फिरलं, तर प्लेटवालं लिमिटेड स्लिप नाही, किंवा असलं तरी प्लेटा झिजलेल्या आहेत. प्लेटा नसतील तर ते मोकळं असेल किंवा हेलिकल. पाना लावून बराच जोर दिल्यावरच चाक सरकलं, तर प्लेटा आहेत आणि शाबूत आहेत. अगदी हललंच नाही, तर कुणीतरी वेल्ड केलं आहे, आणि तसं असेल तर बदलायच्या डिफरन्शियलचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करूनच सौदा करा.