मागच्या रांगेत उभे कोण?

कोल्हापूर, सांगलीपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात एखाद्या जैन कुटुंबाची जुनी ट्रंक उघडली, तर श्रवणबेळगोळचा एक तरी समूहफोटो बहुधा हाती लागतो. १९६७ च्या महामस्तकाभिषेकाचा असेल, तर तो कृष्णधवल असतो. १९८१ चा, म्हणजे मूर्तीच्या सहस्राब्दीचा, असेल तर रंगीत, पण आता सारे चेहरे तांबूस पडलेले. १९९३ चा फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये पारदर्शक कागदाखाली रुतून बसलेला. २००६ चे फोटो एका सीडीत, आणि ती सीडी चालवणारे यंत्र घरातून केव्हाच गेलेले. २०१८ चे तर शेकडो, निरनिराळ्या मोबाईलमध्ये विखुरलेले; कागदावर उतरलेला कदाचित एकही नाही.

एकाच कुटुंबाचे हे पाच फोटो शेजारी शेजारी मांडले, तर पन्नास वर्षांचा कुटुंबाचा इतिहास एका पानावर उभा राहतो. पहिल्या चित्रात कडेवर असलेले मूल शेवटच्या चित्रात आजोबा होऊन काठी टेकत उभे असते. पण हे पान मांडायला बसल्यावर खरी अडचण लक्षात येते. सर्वांत जुना, १९६७ चा फोटो सर्वांत उत्तम टिकलेला असतो. मात्र त्यातील मागच्या रांगेत उभे कोण, हे सांगणारे माणूस घरात उरलेले नसते. फोटो शिल्लक राहतो आणि नाव जाते. कुटुंबाची स्क्रॅपबुके करण्याच्या छंदाकडे पाहायचे ते या नुकसानीच्या बाजूने. रंगीत फिती, फुले, नक्षीचे कागद ही त्याची हौस. त्याचा जीव फोटोखालच्या ओळीत असतो.

कात्रणे आणि चित्रे वहीत चिकटवण्याची आवड पाश्चात्त्य देशांत जुनीच. ‘टॉम सॉयर’चा लेखक मार्क ट्वेन याला तिचे इतके वेड होते, की १८७३ मध्ये त्याने आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचे अमेरिकेत पेटंट घेतले, पान ओले करायचे आणि कात्रण चिकटवायचे. पण आज स्क्रॅपबुक म्हणून जी कौटुंबिक वही ओळखली जाते, तिचे श्रेय बव्हंशी अमेरिकेतील युटा राज्याच्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीकडे जाते. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे कौटुंबिक नोंदींविषयी एक जागतिक परिषद भरली. तेथे त्यांनी आपल्या कुटुंबाच्या पन्नासांहून अधिक वह्या मांडल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या पतींनी या साहित्याचे दुकान काढले. ज्या समाजात हे घडले, त्या मॉर्मन समाजात वंशावळ राखणे हे धर्मकर्तव्य मानले जाते. तेव्हा या छंदाचे मूळ सजावटीत नसून पूर्वजांची नोंद ठेवण्यात आहे.

ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटू नये. सुगीनंतर बैलावर बसून गावोगाव येणारा हेळवी दक्षिण महाराष्ट्रातील जैन, लिंगायत, मराठा घरांच्या पिढ्या वाचून दाखवीत असे, नवे जन्म आपल्या वहीत टिपून घेत असे. मारवाडातून आलेल्या कुटुंबांचे भाट त्यांच्या वह्या अशाच राखीत. मात्र त्या वह्यांतून नावे होती आणि चेहरे नव्हते. आपल्या ट्रंकेत आता चेहरे आहेत आणि नावे नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत तर ही उणीव दुहेरी, कारण हेळव्याच्या वहीत पिढी चालायची ती मुलाच्या नावाने.

छायाचित्रकलेच्या भारतीय इतिहासातील एक थोर नाव, लाला दीनदयाळ, हे सरधना येथील जैन जवाहिऱ्यांच्या घराण्यात १८४४ मध्ये जन्मले. हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा’ ही पदवी दिली. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना निर्धास्तपणे छायाचित्र काढून घेता यावे, म्हणून त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपवली. स्त्रियांचे चेहरे कॅमेऱ्यासमोर आणण्यासाठी त्या काळी एवढी खटपट करावी लागली. त्यांची नावे कागदावर आणण्याची खटपट मात्र अजून बऱ्याच घरांत व्हायची आहे.

कारण फोटोखाली काही लिहिलेच असेल, तर ते ‘मोठ्या काकू’, ‘पुण्याची आत्या’, ‘आक्का’ असे असते. लिहिणाऱ्याला ते पुरेसे होते. पण नाते पाहणाऱ्यावरून ठरते; एकाची काकू दुसऱ्याची आजी आणि तिसऱ्याची सासू. दोन पिढ्यांनी ‘मोठ्या काकू’ या शब्दांवरून कोणालाच काही कळत नाही. लग्नात नाव बदलण्याची रीत असलेल्या घरांत तर एकाच बाईची दोन नावे असतात आणि दोन्ही घरांतल्या अल्बमांत ती दोन निरनिराळ्या व्यक्तींसारखी राहते. म्हणून ओळ लिहायची ती अशी: माहेरचे पूर्ण नाव, सासरचे पूर्ण नाव, माहेरचे गाव, आणि मग कंसात घरात हाक मारायचे नाव. वर्ष नक्की आठवत नसेल, तर ‘धाकट्याच्या जन्माआधी’ एवढे लिहिले तरी ते कोऱ्या जागेपेक्षा मोलाचे.

हे काम एकट्याने होत नाही, आणि येथेच अमेरिकन बायकांनी काढलेली युक्ती मनापासून घेण्यासारखी आहे. १९८७ मध्ये मोंटाना राज्यातील ऱ्होंडा अँडरसन या गृहिणी मिनेसोटातील एका अल्बम बनवणाऱ्या कंपनीशी जोडल्या गेल्या आणि घरोघरी मैत्रिणींना जमवून अल्बम करायला शिकवण्याची पद्धत रूढ झाली. या बैठकींना तिकडे ‘क्रॉप’ म्हणतात. फोटोच्या कडा कातरण्यावरून पडलेले हे नाव. पुढे बैठकीचे शनिवार-रविवार झाले. सात-आठ मैत्रिणी शुक्रवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या एखाद्या घरी जमतात, लांब टेबले मांडतात आणि रविवारी दुपारपर्यंत आपापल्या फोटोंच्या खोक्यांशी झुंजतात. त्यांच्या पणज्या गोधडी शिवायला अशाच एकत्र बसत. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पापड-सांडग्यांना शेजारणी जमत, तीच जात या बैठकीची: हात कामात, तोंड मोकळे.

मैत्रिणींचा उपयोग केवळ सोबतीपुरता नसतो. घरची माणसे फोटो पाहताना भराभर पाने उलटतात, कारण त्यांना सारे ठाऊक असते, किंवा तसे वाटत असते. मैत्रीण मात्र थांबते. “हे कोण ग?” असे विचारते. “यांच्या हातात ही पिशवी कसली?” “सगळे हसताहेत, आणि या एकट्याच का गंभीर?” मग जे कधी सांगावेसे वाटले नव्हते ते सांगितले जाते. ती बाई लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली, म्हणून पुढच्या फोटोंत दिसत नाही. तो मुलगा मुंबईच्या दुकानात राबायला गेला आणि परतलाच नाही. अनोळखी नजरेतून आलेल्या प्रश्नाला घरच्या माणसाचे उत्तर मिळते, आणि ते तेथल्या तेथे लिहून ठेवता येते. आठवणी दुखऱ्याही निघतात. अशा वेळी वही मिटून अंगणात चार पावले चालून येणे बरे. पान भरण्याची घाई कोणालाच नसते.

असा शनिवार-रविवार इथे जमवणे अवघड नाही. कोणाच्या शेतावरचे घर, कोणाचा रिकामा वाडा, पाचगणीकडची एखादी साधी खोली पुरते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांतल्या बायकांना तर संध्याकाळ आयतीच लांब मिळते. शक्य असेल तर ऐंशीच्या पुढच्या एका आजींना सन्मानाने सोबत न्यावे, त्यांच्यासमोर एकेक फोटो ठेवावा आणि मोबाईलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. त्यांना प्रश्न विचारताना ‘हे कोण’ एवढेच विचारू नये. ‘हा फोटो काढला त्या दिवशी काय होते’ असे विचारले, की नाव आपोआप येते. पथ्य एकच कडक: टेबलावर चिवड्याची वाटी नको. तेलकट बोटाचा ठसा फोटोवर कायमचा बसतो.

आता कातरीविषयी. क्रॉप या शब्दातच एक धोका आहे. चेहरे नीट दिसावेत म्हणून अनेकींनी मूळ फोटोच कातरले आणि त्यासोबत भिंतीवरचे कॅलेंडर, दुकानाची पाटी, दारातली सायकल कायमची फेकून दिली. साठ वर्षांनी वर्ष ओळखायला तेच कॅलेंडर उपयोगी पडले असते. मूळ फोटोला कधीही कातरी लावू नये. त्याची स्कॅन करून प्रत छापावी आणि हौस त्या प्रतीवर भागवावी.

चिकटवण्याचा प्रश्नही लहान नाही. काळ्या जाड पानांचे, मध्ये जाळीदार तलम कागद असलेले आजोबांच्या काळचे अल्बम आठवावेत. त्यांत फोटो चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेला असे. डिंकाचा थेंबही त्याला लागत नसे. ती पद्धत आजही सर्वांत चांगली. नंतर आलेल्या चिकट पानांच्या अल्बमांनी मोठे नुकसान केले. तो चिकटपणा वर्षांनुवर्षांत फोटोच्या पाठीत मुरतो आणि फोटो सुटता सुटत नाही. असा फोटो ओढून काढू नये. आधी आहे त्या स्थितीत त्याचे नीट छायाचित्र घ्यावे, मग दात साफ करण्याचा बारीक दोरा कागद आणि फोटो यांच्यामधून हळूहळू सरकवावा. तरी सुटला नाही, तर तसाच राहू द्यावा. चौकटीच्या काचेला चिकटलेल्या फोटोलाही हाच नियम.

बाजारातला जुना सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. तो पुष्कळ घरांत एरवीही वर्ज्यच. संग्रहालयांतील जाणकार कागदासाठी गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. मात्र घरी शिजवलेल्या खळीवर कसर येते, म्हणून वहीत कोपरेच बरे. पाने आम्लविरहित कागदाची घ्यावीत. वर्तमानपत्राच्या कागदातील लिग्निन त्याला पिवळा पाडते आणि शेजारच्या फोटोवरही डाग उमटवते. लग्नाची बातमी किंवा निधनवार्ता लावायची असेल, तर तिची चांगल्या कागदावर प्रत काढून लावावी. प्लॅस्टिकची पाकिटे घेताना पीव्हीसी टाळावे, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालते. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये. अक्षरे पुढच्या बाजूला उमटतात. जुन्या कागदावर मऊ शिसपेन्सिल हलक्या हाताने चालवावी. अलीकडच्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही. तेथे नाव वहीच्या पानावर लिहिणे श्रेयस्कर.

आणि पावसाळा. कोकणात, घाटमाथ्यावर, किंबहुना कोल्हापुरातही जुलै-ऑगस्टची ओल फोटोवर बुरशी आणते. गच्चीखालचा तापणारा माळा आणि बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकलेले कपाट, या दोन्ही जागा वाईट. मधल्या खोलीतले, जमिनीपासून वर असलेले कपाट आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढी व्यवस्था पुरते. डांबराच्या गोळ्या शालू-पैठण्यांसोबत राहोत, अल्बममध्ये नकोत.

मोबाईलमधल्या फोटोंची दशा वेगळी. त्यांची तारीख, कित्येकदा ठिकाणही, आत आपोआप नोंदलेले असते. पण व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो आकसतो आणि ती नोंद गळून पडते. ज्याने फोटो काढला त्याच्याकडूनच मूळ प्रत मागून घ्यावी. मग वर्षभरातून पंचवीस-तीस निवडून छापाव्यात. निवडणे हेच येथले कष्ट, आणि तेथेही मैत्रिणीची तटस्थ नजर कामी येते: एकाच केकचे चौदा फोटो कोणालाच नको असतात, हे ती निर्विकारपणे सांगू शकते.

एवढे करूनही काही चेहरे अनोळखी राहतातच. अशा फोटोची मोठी प्रत काढून प्रत्येक डोक्यावर आकडा घालावा, खाली तेवढ्याच ओळी कोऱ्या सोडाव्यात, आणि घरातल्या पुढच्या लग्नात किंवा पूजेला ती प्रत पेन्सिलीसह ज्येष्ठांच्या बैठकीत फिरू द्यावी. एखादी दूरची चुलत आत्या चष्मा पुसते, बोट टेकवते आणि सांगते, “ही तर आमची चंपाक्का, निपाणीची.” सातव्या ओळीवर नाव चढते. आठवी कोरीच असते. प्रत पुढच्या खुर्चीकडे सरकते.