गाईचा श्वास व तिच्या पोटाचे आरोग्य

पोट बिघडले की गाईचे दूध घटते, हे प्रत्येक गोपालकास ठाऊक आहे. परंतु हा बिघाड पुष्कळदा तिच्या श्वासावरूनही ओळखता येतो, इकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

गाईने खाल्लेला कडबा कोठीपोटात सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने आंबतो. त्यातून दररोज शेकडो लिटर वायू निर्माण होतो. तो ढेकरेवाटे निघतो व त्याचा बराचसा भाग फुप्फुसांत जाऊन मग श्वासाबरोबर बाहेर पडतो. पोटाचा वास श्वासास येतो तो यामुळेच. काही देशांत गव्हाणीपाशी यंत्र बसवून श्वासातील मिथेन वायू मोजतात. आपल्या गोठ्यात नाक, डोळे व घड्याळ एवढी साधने पुरेत.

खानदेशात उन्हाळ्यात उष्म्यानेही श्वास वाढतो. म्हणून पहाटे, गाय स्वस्थ असताना, कुशीची हालचाल एक मिनिट मोजावी व नेहमीचा आकडा लिहून ठेवावा. पुढील लक्षणे ध्यानात ठेवावीत :

१. व्याल्यानंतर पहिल्या दीड महिन्यात भरपूर दूध देणारी गाय आंबोण टाकू लागली व श्वासास पिकल्या फळासारखा गोडसर वास आला, तर किटोसिसचा संशय घ्यावा. हा वास प्रत्येकास येत नाही. म्हणून दोघांनी हुंगून पाहावे.

२. धान्य अथवा शिळे अन्न अति खाल्ल्यावर रवंथ थांबून पातळ, आंबूस शेण पडले व श्वास वाढला, तर पोटात आम्ल वाढलेले असते.

३. डावी कूस फुगून ढेकर बंद झाली व गाय धापा टाकू लागली, तर ती पोटफुगी होय.

४. पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाऊन जनावर एकाएकी धापा टाकते, थरथरते. श्वासास कधी कडू बदामासारखा वास येतो. ही विषबाधा थोड्याच वेळात प्राण घेते. वेळीच इंजेक्शन मिळाल्यास जनावर वाचू शकते. तथापि फुलोऱ्यापूर्वीची ज्वारी व फुटवे मुळीच चारू नयेत, हेच श्रेयस्कर.

शेवटच्या दोन प्रसंगी क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यास बोलवावे. केवळ वासावरून औषध देऊ नये. श्वासाचा आकडा, वास, खाल्लेली वैरण व विण्याची तारीख ग्रामसेवकांनी पशुवैद्यास कळवावी. त्यायोगे निदान लवकर होते.