मराठी ‘भरणे’ आणि आदिजर्मानिक *बेरनं : एका धातूची दोन घराणी

सातारा-सांगली परिसरात ‘भरणे’ हे क्रियापद किती कामे करते, हे सहसा ध्यानात येत नाही. पुसेगावची, खरसुंडीची यात्रा भरते. आठवड्याचा बाजार भरतो. पाणी, घरपट्टी आणि ओटीही भरली जाते. वाहणे, सोसणे, जन्म देणे या अर्थांच्या इंग्रजी ‘बेअर’ या क्रियापदाशी त्याचे असलेले नाते स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वर्गात हा विषय निघाला की ‘म्हणजे इंग्रजांनी तो संस्कृतातून घेतला’ असे उत्तर हमखास येते. ते ग्राह्य नाही.

संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, असे मत विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडले. पुढे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलांची सुसंगत मांडणी केली. मूळ ‘भ’ संस्कृतात टिकला, जर्मानिक शाखेत त्याचा ‘ब’ झाला. म्हणून संस्कृत ‘भरामि’, ग्रीक व लॅटिन ‘फेरो’, गॉथिक ‘बेरा’. सर्वांचा अर्थ ‘मी वाहतो’. ‘भ्राता’ आणि ‘ब्रदर’ यांतही हाच बदल दिसतो. उसनवारीत असा नियम शब्दामागून शब्दात आढळत नाही. ही भावंडे आहेत, मायलेकी नव्हेत.

*बेरनं हे रूप कोणत्याही लेखात सापडत नाही. वंशजांवरून ते सिद्ध केलेले आहे, म्हणून त्यापुढे तारांकन. त्याच्या वंशात इंग्रजी ‘बर्थ’ म्हणजे जन्म, ‘बर्डन’ म्हणजे ओझे आणि ‘बिअर’ म्हणजे तिरडीही येते (पेयाचा येथे संबंध नाही).

मराठीत मात्र ‘वाहणे’ हा अर्थ ‘भरणे’कडे उरला नाही, ते काम ‘वह्’ धातूपासून आलेल्या ‘वाहणे’ने घेतले, असे आम्हास वाटते. जुना अर्थ नामांत शिल्लक आहे. माणदेशात वैरणीचा ‘भारा’ डोक्यावरूनच येतो. पोषण करणारा तो ‘भर्ता’. ओवीतला ‘भ्रतार’ त्याचेच रूप.

एक मोह टाळावयास हवा. गर्भवतीचे ‘दिवस भरले’ हा प्रयोग ‘बर्थ’ला जोडावासा वाटतो; पण तेथे ‘भरणे’चा अर्थ ‘पूर्ण होणे’ असा आहे, गर्भ वाहण्याशी त्याचा संबंध नाही. खरी जुळणी संस्कृत ‘भृति’ व जर्मन ‘गेबुर्ट’ यांत आहे. जर्मन शब्दाचा ‘गे’ हा उपसर्ग वगळला, तर दोन्ही नामे एकाच धातूला एकच प्रत्यय लागून झाली आहेत. अर्थ मात्र दूर गेले : जर्मनमध्ये जन्म, संस्कृतात पोषण आणि चाकराचे वेतन.