अंगातला दाह, मनाचा गोंधळ

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत कालपर्यंत नीट बोलणारी आजी एकाएकी घरच्यांना ओळखेनाशी झाली, रात्रभर बरळू लागली, तर ‘आता वय झाले’ किंवा ‘बाहेरचे काही लागले’ असे म्हणून घरचे स्वस्थ बसण्याची भीती असते. प्रत्यक्षात अनेकदा मूळ मूत्रमार्गातील, फुप्फुसांतील किंवा पायाच्या जखमेतील जंतुसंसर्गात दडलेले असते.

संसर्गाशी शरीर झुंजू लागले की सूज, लाली, उष्णता आणि वेदना दिसतात. यालाच वैद्यकशास्त्र दाह म्हणते. या वेळी प्रतिकार करणाऱ्या पेशी ‘सायटोकाइन’ नावाची प्रथिने सोडतात. त्यांचा संदेश रक्तातून व मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोहोचतो. आजारपणात भूक मरते, झोप येते, कोणाशी बोलू नयेसे वाटते, ते बव्हंशी यामुळेच. तरुण मेंदू हा ताण पेलतो. वृद्धांचा, विशेषतः स्मृती आधीच मंदावलेल्यांचा मेंदू मात्र गोंधळतो. अंगातील पाणी कमी झाल्यास त्यात भर पडते. वृद्धांना संसर्गात ताप येतोच असेही नाही. कित्येकदा गोंधळ हेच पहिले लक्षण ठरते.

दाहाचा परिणाम मनःस्थितीवरही होतो. पूर्वी ‘हेपटायटिस सी’वर इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली जात, तेव्हा अनेक रुग्णांना नैराश्य येई. मात्र प्रत्येक नैराश्याचे कारण दाह नव्हे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या २०१३ मधील चाचणीत दाहरोधक औषधाचा सरसकट लाभ झाला नाही. रक्तात दाहाची खूण जास्त असलेल्यांतच सुधारणेची चिन्हे दिसली.

स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांत वाढतो. संसर्गाने आलेला गोंधळ काही तासांत वा दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रक्तातील साखर घटणे, औषधांचा परिणाम किंवा पक्षाघात हीही कारणे असू शकतात. म्हणून चालू असलेल्या गोळ्या सोबत न्याव्यात. झोपेची गोळी परस्पर देऊ नये. चष्मा, श्रवणयंत्र आणि ओळखीचे माणूस जवळ असल्यास रुग्णाला धीर येतो. मूळ आजार वेळीच बरा केल्यास अनेकांची हरवलेली ओळख परत येते. ती वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे मात्र जिवावर बेतू शकते.