साडेसहा बाय दहा

आमच्या घरात दाराआड पीव्हीसी कार्पेटची एक गुंडाळी उभी असते. रुंदी साडेसहा फूट, लांबी दहा फूट, रंग राखाडी, दोन ठिकाणी सुतळीने बांधलेली. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, घरात काही काम निघालंय. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं ती खांद्यावर घेतो, भांडुपच्या गल्ल्यांमधून जवळच्या बागेत नेतो, तिथल्या छपराखाली अंथरतो आणि चारही कडा ब्राऊन टेपने चिकटवतो. भोवती पंधरा-वीस मुलं गोल उभी राहतात, स्पीकर सुरू होतो आणि एकेक जण मध्ये उतरतो.

लोक याला ब्रेकडान्स म्हणतात. नाचणारे ब्रेकिंग म्हणतात. नाचणारा मुलगा बी-बॉय, मुलगी बी-गर्ल. यातला ‘बी’ म्हणजे ब्रेक. हा ब्रेक म्हणजे काय, हे मी नव्या मुलांच्या पालकांना विसर्जनाची मिरवणूक आठवायला लावून सांगते. बँजो पार्टी गाण्याची चाल वाजवत असते तोवर माणसं हात वर करून संथ सरकत असतात. मग चाल थांबते, नुसता ताशा आणि ढोल उरतो. त्या क्षणी मंडळाची पोरं उसळतात. गाण्यात शब्द आणि सूर बाजूला होऊन तालवाद्यं एकटी बोलतात, तो तुकडा म्हणजे ब्रेक.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये क्लाइव्ह कॅम्पबेल नावाच्या मुलाने नेमकं हेच हेरलं. जन्म जमैकातला, लहानपणी अमेरिकेत आलेला. पार्ट्यांमध्ये रेकॉर्ड वाजवायचा आणि डीजे कूल हर्क म्हणून ओळखला जायचा. ११ ऑगस्ट १९७३ला त्याच्या बहिणीने, सिंडीने, ते राहत होते त्या १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून आज जगभर हीच तारीख मानतात. हर्कच्या लक्षात आलं होतं, की चांगले नाचणारे भिंतीला टेकून ब्रेकची वाट पाहतात आणि तो आला की मध्ये येतात. पण ब्रेक असायचा काही सेकंदांचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तेवढ्यात पहिलीची सुई मागे. काही सेकंदांची जागा मिनिटांची झाली, आणि त्या मिनिटांत एक नाच वाढला.

मी २००८ साली अकरावीत असताना या नाचात पडले. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन कोरियन आणि जपानी बी-बॉयचे व्हिडिओ पाहायचे, पेन ड्राइव्हवर घ्यायचे आणि घरी येऊन खाट भिंतीला उभी करून करून बघायचे. नाचाचे चार भाग असतात. उभ्याने ठेका धरत आत येणं म्हणजे टॉपरॉक. खाली बसून हात टेकून पाय चालवणं म्हणजे फूटवर्क. पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर गिरक्या घेणं म्हणजे पॉवर मूव्ह्ज. आणि नेमक्या ठोक्यावर अंग गोठवून थांबणं म्हणजे फ्रीझ. ज्यांनी तबला ऐकलाय त्यांना फ्रीझ समजवावा लागत नाही. कितीही चक्रं घ्या, शेवटी समेवर यायचंय. एका मात्रेने चुकलात तर आधीचं सगळं वाया.

बघणाऱ्यांना गिरक्या आवडतात. माझा जीव फूटवर्कमध्ये आहे. त्यातली पहिली शिकवण सिक्स-स्टेप. उकिडवं बसायचं, हात टेकायचे आणि सहा पावलांत पायांनी हातांभोवती पूर्ण वर्तुळ काढायचं. पाय ज्या हाताजवळ येईल तो हात उचलून त्याला वाट द्यायची. बूड जमिनीला लागता कामा नये. सांगायला दहा सेकंद लागतात, अंगात मुरायला वर्ष जातं. माझी सहा महिने अडली होती. पावलं बरोबर पडायची, पण प्रत्येक पावलाचा धप्प आवाज यायचा.

त्या वर्षी गणपतीला गावी गेलो, कुडाळ तालुक्यात. गौरीच्या रात्री बायका पडवीत फुगड्या घालत होत्या. बाहेर पाऊस, आत शेणाने नुकतीच सारवलेली जमीन. मी कोपऱ्यात सिक्स-स्टेप करत होते. आजीने पाहिलं आणि म्हणाली, “अगो, ही तर बसफुगडीच! मगे हात कित्या टेकतंस?” सत्तरी ओलांडलेली बाई. तिने कासोटा खोचला, उकिडवी बसली आणि हात न टेकता, एकेक पाय पुढे टाकत, वीस मोजेपर्यंत बसफुगडी घातली. पैंजण सोडून दुसरा आवाज नव्हता. मी तिच्या पायांकडेच बघत होते. तिच्या टाचा एकदाही जमिनीला लागल्या नाहीत. सगळं वजन चवड्यांवर, आणि गुडघ्यांत स्प्रिंग असल्यासारखी उसळी. मी टाचांवर बसत होते, म्हणून जड पडत होते. कोरियन उस्तादांच्या व्हिडिओत जे दिसत होतं पण कळत नव्हतं, ते त्या रात्री पडवीत कळलं. आजही नव्या मुलींना मी आधी बसफुगडीच घालायला लावते.

या नाचाचे कपडेही जमिनीने ठरवले आहेत. ढगळ पँट हवी, कारण गुडघा छातीपर्यंत यायला हवा. सपाट तळाचे बूट हवेत, पावलाला जमीन कळावी म्हणून. नायलॉनचं जाकीट पाठीवर घसरतं, सुती टी-शर्ट अडकतो. माझी पहिली बॅकस्पिन वडिलांच्या जुन्या विंडचीटरमध्ये झाली. डोक्यावरची लोकरी टोपी हेडस्पिनसाठी असते, आणि तिनेही सगळं भागत नाही. २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एकोणीस वर्षं हा नाच करणाऱ्या एका माणसाची नोंद आली होती. सततच्या हेडस्पिनमुळे त्याच्या टाळूवर गाठ वाढली होती आणि ती शस्त्रक्रिया करून काढावी लागली. म्हणून बारा वर्षांखालच्या मुलांना मी डोक्यावर फिरू देत नाही. मनगटांसाठी मात्र पहिली पंधरा मिनिटं रोज ठेवते. एका पावसाळ्यात स्कायवॉकच्या ओल्या लादीवर माझं उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून.

स्कायवॉकवर आम्ही का होतो, हे सांगायला हवं. ब्रेकिंगला वाद्य लागत नाही, फी लागत नाही, आरसा लागत नाही. गुळगुळीत, कोरडी जमीन मात्र लागतेच, आणि मुंबईत नेमकी तीच मिळत नाही. आमच्याकडे लाल बहादूर शास्त्री मार्गावर रांगेने कारखाने होते. माझे वडील त्यातल्याच एकात होते. कारखाने बंद पडले, तिथे टॉवर आणि मॉल आले. मॉलची फरशी या नाचासाठी सोन्यासारखी. पाच मिनिटांत सुरक्षारक्षक येतो. सोसायटीच्या पार्किंगमधून उठवलं, एका बँकेच्या पायरीवरून उठवलं. उरला स्कायवॉक. एका शाळेकडे सुटीनंतरच्या दोन तासांसाठी रिकामं सभागृह मागितलं. लेखी अर्ज होता, मुलांच्या पालकांच्या सह्या होत्या. उत्तर आलं नाही. सभागृहाला अजून सहानंतर कुलूप असतं, आणि बाहेरच्या कट्ट्यावर तीच मुलं मोबाइल घेऊन बसलेली असतात. याचा मला राग येतो.

धारावीत स्लमगॉड्स या क्रूने मुलांना फुकट ब्रेकिंग शिकवलं. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ २००८ला आला आणि जगाने वस्तीतल्या मुलांना जे नाव दिलं, त्याला त्यांनी दिलेलं हे उत्तर. त्यांनीही मिळेल त्या जागेत, दाटीवाटीत शिकवलं.

आपल्याकडे हा नाच आधी पडद्यावरून आला. ‘मेरी जंग’ १९८५चा. त्यात जावेद जाफरी नाचला आणि गल्लोगल्ली पोरं पाठीवर फिरू लागली. १९९६ला टीव्हीवर ‘बूगी वूगी’ सुरू झाला. वसई-नालासोपाऱ्याकडच्या ‘द किंग्स’ने २०१९ला अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकली आणि ‘व्ही अनबीटेबल’ने २०२०ला ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स’. त्या मुलांची मेहनत मी जवळून ओळखते आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण रंगमंच सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करून उभं करतो. प्रेक्षक समोर, परीक्षक समोर, कॅमेरा समोर. ब्रेकिंग गोलात जन्मलं. त्या गोलाला सायफर म्हणतात. वारीतलं रिंगण पाहिलेल्याला तो लगेच कळेल. मध्ये एक जण, चहूबाजूंनी माणसं, पाठ कुठेही वळवली तरी कुणीतरी बघतंय. आत यायला कुणी नाव पुकारत नाही. आधीचा बाहेर पडला की तुम्ही पाऊल टाकायचं.

दोघांत सामना लागला की त्याला बॅटल म्हणतात. मी त्याला बिनशब्दांचा कलगी-तुरा म्हणते. समोरच्याने खांद्यावर फ्रीझ टाकला तर तुम्ही तो कोपरावर टाकून दाखवायचा. अंगाला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलायची नाही. त्याला ‘बाइट’ म्हणतात, आणि पराभवापेक्षा ती मोठी नामुष्की.

९ नोव्हेंबर २०१९ला रेड बुल बीसी वन या ब्रेकिंगच्या स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाली. आम्ही सहा जण गेलो होतो. नेदरलँड्सचा मेन्नो जिंकला, मुलींमध्ये रशियाची कास्टेट. मेन्नो हातापायांच्या मधून अंग असं ओवतो, जसा सुईतून दोरा. आमच्यातला एक जण परतीच्या गाडीत, दाराजवळच्या दोन फुटांत, उभ्याने तेच करून बघत होता. ठाण्यापर्यंतच्या माणसांनी त्याला जागा करून दिली.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ला ब्रेकिंग पहिल्यांदा आलं. ९ ऑगस्टला मुलींची स्पर्धा होती. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि माझ्या घरात आठ मुली एका फोनवर डोळे लावून बसल्या होत्या. जपानच्या आमीने सुवर्ण जिंकलं, तेव्हा आमच्यातली सर्वांत लहान उठून मोरीशेजारी टॉपरॉक करू लागली. परीक्षक पाच गोष्टी बघत होते : तंत्र, चालींचा साठा, सफाई, संगीताशी नातं आणि स्वतःचं वेगळेपण. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी फक्त एका स्पर्धकाच्या नाचाची, जगभर हसत फिरवलेली चित्रफीत पाहिली होती. मी प्रत्येकाला आमीची शेवटची लढत दाखवली. जिन्यात उभं राहून, फोन हातात धरून, पूर्ण दाखवली. २०२८च्या लॉस एंजेलिसमध्ये ब्रेकिंग नाही. मुलींना वाईट वाटलं, पण रविवारी एकही गैरहजर नव्हती.

आमची गुंडाळी चार वर्षं टिकली. मधला दोन फुटांचा भाग इतका घासला गेला, की राखाडी रंग जाऊन खालचं पांढरं जाळं दिसायला लागलं. तिथे कपडा अडकतो आणि कातडी सोलते. गेल्या महिन्यात मुलांनी वर्गणी काढली, कुणी दहा, कुणी पन्नास, आणि आम्ही नवी आणली. जुनीचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी कात्रीने घासलेला भाग काढला आणि उरलेल्याचे तुकडे केले. सर्वांत मोठा एका नवव्या यत्तेतल्या मुलाने मागितला. त्याच्या घरात पाच माणसं, खोली दहा बाय बारा. त्याने दोरीने माप आणलं होतं : खाट आणि मोरी यांच्यामध्ये साडेचार बाय चार. मी त्या मापाने कापून दिला. तो म्हणाला, “ताई, आई दहाला झोपते, त्याआधी अर्धा तास मिळतो.” तुकडा गुंडाळून, काखेत धरून तो गेला.